चुकीची दुरुस्ती

(चूक कोणाच्याही हातून होते. ती कळल्यावर दुरुस्त करणे हे आपले कर्तव्य असते. एका बातमीच्या मथळ्यातील चुकीमुळे एका विद्यार्थिनीच्या घरी काय घडले आणि त्यातून तिचा वर्ग काय शिकला, ते या पाठात एका शिक्षकाने सांगितले आहे.)

पावसाळ्याचे दिवस होते. सोमवारचा पहिला तास मराठीचा होता. मी हजेरी घेत होतो. रोज पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी त्या दिवशी शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती. तिने नाव ऐकून 'हाजिर' म्हटले, पण मान वर केली नाही.

मी जवळ जाऊन विचारले, "काय झाले, बेटी? तब्येत बरी नाही का?"

ती काही बोलली नाही. तिच्या मैत्रिणीने सांगितले, "सर, तिच्या अब्बांची बातमी मोबाइलवर आली आहे. ती खोटी आहे. पण मैदानावर काही मुले तिला 'चोराची मुलगी' म्हणाली."

सारा वर्ग गप्प झाला. ज्या मुलांनी तसे म्हटले होते, त्यांनी माना खाली घातल्या.

त्या मुलीच्या अब्बांना मी चांगला ओळखतो. बाजारपेठेत त्यांचे सायकलचे दुकान आहे. परीक्षेच्या दिवसांत एखाद्या मुलाची सायकल पंक्चर झाली, तर ते हातातले काम बाजूला ठेवून आधी ती दुरुस्त करून देतात. अशा माणसाची कसली बातमी आली असेल, हे मला कळेना.

मुलीने हळूहळू सारी हकीकत सांगितली. गुरुवारी दुपारी एक अनोळखी माणूस दोन सायकली घेऊन दुकानात आला. त्या त्याला विकायच्या होत्या. किंमत अगदी कमी सांगत होता. अब्बांनी पावती मागितली, तेव्हा तो गोंधळला. अब्बांना संशय आला. त्यांनी सायकलच्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक पाहिला आणि आपली विक्रीची वही उघडली. त्यांतील एक सायकल त्यांनी स्वतःच सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला विकली होती! अब्बांनी त्या माणसाला बसवून ठेवले, चहा दिला आणि दुकानातील मुलाला पोलीस चौकीवर पाठवले. पोलीस आले व त्या माणसाला घेऊन गेले.

शुक्रवारी संध्याकाळी गावातील एका बातम्यांच्या संकेतस्थळावर ही बातमी आली. बातमी पाच-सहा ओळींची होती आणि तिच्यातील मजकूर बरोबर होता. चूक होती ती मथळ्यात. मी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली.

चोरीच्या सायकली विकणाऱ्याला दुकानदाराने पकडले.

चोरीच्या सायकली विकणाऱ्या दुकानदाराला पकडले.

मी विचारले, "मुलांनो, या दोन वाक्यांत फरक काय?"

एक मुलगा म्हणाला, "सर, पहिल्या वाक्यातला 'ला' दुसऱ्या वाक्यात पुढच्या शब्दाला लागला आणि 'ने' निघून गेला."

"शाबास! उर्दूत जे काम 'को' करतो, ते येथे 'ला' करतो. 'ने' तर दोन्ही भाषांत आहे. आता सांगा, पहिल्या वाक्यात चोर कोण?"

"विकणारा!"

"आणि दुसऱ्या वाक्यात?"

कोणीच उत्तर दिले नाही. उत्तर सर्वांना कळले होते. ज्याने चोर पकडून दिला, तोच दुसऱ्या वाक्यात चोर ठरला होता. एक प्रत्यय सरकला आणि एक गळला, एवढ्याने भल्या माणसाची अब्रू धोक्यात आली होती.

बातमी पूर्ण वाचली असती, तर खरे काय ते कळले असते. पण घाईच्या वेळी लोक मथळा वाचतात आणि पुढे जातात. कोणीतरी त्या मथळ्याचे चित्र काढून ते गटागटांतून पाठवले. चित्रात खालचा मजकूर नव्हता, दुकानाचा फोटो मात्र होता. शनिवारी सकाळी एक गिऱ्हाईक आपली दुरुस्तीला दिलेली सायकल काम अर्धे असतानाच परत घेऊन गेले. संध्याकाळी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस करणारी दादी रविवारी घरातच बसून राहिली.

एवढे सांगून मुलगी म्हणाली, "सर, आमच्या वहीत चूक झाली, की तुम्ही लाल पेनाने ती दुरुस्त करता. मोबाइलवरच्या बातमीवर लाल पेन का चालत नाही? मी शुक्रवारीच ती चूक पाहिली होती. मला दुरुस्त करता आली असती, तर शनिवारी कोणाला काही कळलेच नसते."

तिचे म्हणणे साऱ्या वर्गाला पटले. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, प्रत्येक बातमीखाली एक बटण हवे. ज्याला चूक दिसेल, त्याने ते दाबावे आणि चूक दुरुस्त करावी."

मी विचारले, "हे कोणाकोणाला मान्य आहे?" सर्वांचे हात वर झाले.

"असा प्रयोग एकदा झाला आहे," मी म्हणालो. "अमेरिकेत 'लॉस एंजेलिस टाइम्स' नावाचे मोठे वृत्तपत्र आहे. त्याने जून २००५ मध्ये आपल्या संकेतस्थळावर इराकच्या युद्धाविषयी एक अग्रलेख ठेवला आणि वाचकांना सांगितले, की यात तुम्हांला हवा तो बदल करा. पुष्कळ वाचकांनी चांगल्या मनाने बदल केले. पण थोड्याच वेळात काही खोडकर लोकांनी तेथे घाणेरडी चित्रे टाकायला सुरुवात केली. ती काढावीत तोच नवी येत. शेवटी दोन-तीन दिवसांतच तो प्रयोग बंद करावा लागला."

मुले विचारात पडली. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे असे बटण असते, तर तो चोरही आला असता! त्याने बातमीतून स्वतःला काढून टाकले असते."

"आणि अब्बांचेच नाव टाकले असते," तिची शेजारीण म्हणाली.

"पण सर, विकिपीडियावर तर कोणीही लिहू शकतो," एका मुलाने शंका काढली.

शंका योग्य होती. विकिपीडिया हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये आणि उर्दू विकिपीडिया २००४ मध्ये सुरू झाला. त्याच्या बहुतेक लेखांत कोणालाही बदल करता येतो. मात्र प्रत्येक लेखाला एक 'इतिहास' जोडलेला असतो. कोणता बदल कधी झाला, तो कोणत्या खात्यावरून झाला आणि त्याआधी तेथे काय होते, हे सारे त्या इतिहासात दिसते. चुकीचा बदल झाला, तर जुना मजकूर परत आणता येतो. माहितीला आधार द्यावा लागतो आणि अनेक जण लेखांवर लक्ष ठेवून असतात. तरीही तेथे चुका राहतातच. बातमीची गोष्ट आणखी वेगळी आहे. ती काही तासांत गावभर पसरते. बातमीदाराने जे पाहिले आणि विचारले, ते इतरांनी पाहिलेले नसते. म्हणून लिहिण्याची जबाबदारी ज्याची, त्याच्याच हाती पेन असायला हवे.

"मग वाचकाने काय करायचे?" त्या मुलीने विचारले.

"वाचकाने चूक दाखवायची. संपादकाने ती तपासायची, दुरुस्त करायची आणि दुरुस्त केल्याचे सर्वांना सांगायचे."

यासाठी काही वृत्तपत्रे खास माणूस नेमतात. त्याला 'वाचक-संपादक' म्हणतात. इंग्लंडमधील 'द गार्डियन' या दैनिकाने १९९७ मध्ये असा वाचक-संपादक नेमला. भारतात 'द हिंदू' या दैनिकाने २००६ मध्ये नेमला. वाचकांच्या तक्रारी ऐकणे, त्यांत तथ्य आहे का ते पाहणे आणि चूक असेल तर ती आपल्याच वृत्तपत्रात कबूल करणे, हे त्याचे काम. आपल्या देशात वृत्तपत्रांसाठी प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था आहे. बातमीत चूक झाली, तर दुरुस्ती लवकर आणि वाचकांच्या नजरेस पडेल अशी छापावी, असे तिच्या नियमांत सांगितले आहे.

"नजरेस पडेल अशी म्हणजे कशी?" एका मुलाने विचारले.

मी माझ्या पिशवीतून एक जुने उर्दू पुस्तक काढले. त्याच्या शेवटी एक पान होते. त्यावर लिहिले होते 'गलतनामा'. डाव्या-उजव्या रकान्यांत चूक काय आणि बरोबर काय, ते पानांच्या क्रमांकांसह दिले होते. मराठी पुस्तकांत याच पानाला 'शुद्धिपत्र' म्हणतात. पूर्वी उर्दूचा मजकूर कातिब हाताने लिहीत आणि तो दगडावरून छापत. छापलेले पान पुसता येत नसे. म्हणून चूक तशीच राही आणि दुरुस्ती तिच्याशेजारी राही. वाचकाला दोन्ही दिसत. संकेतस्थळावर मात्र कोणाला न सांगता अक्षरे बदलता येतात. मग ज्याने चुकीचे वाचले, त्याला ते चुकीचे होते हे कधीच कळत नाही.

"सर, खूप जुनी चूकसुद्धा दुरुस्त करतात का?"

"करतात. अमेरिकेतील 'न्यू यॉर्क टाइम्स' हे वृत्तपत्र आपल्या प्रत्येक अंकाला क्रमांक देते. ६ फेब्रुवारी १८९८ रोजी क्रमांक होता १४,४९९. दुसऱ्या दिवशी कोणीतरी १४,५०० ऐवजी १५,००० लिहिले! पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तीच चूक मोजणीत चालत राहिली. शेवटी तेथील एका तरुण कर्मचाऱ्याच्या ती लक्षात आली. १ जानेवारी २००० रोजी वृत्तपत्राने चूक जाहीर केली आणि अंकाच्या क्रमांकातून ५०० कमी केले."

मुले हसली. मग मी त्यांना त्याच वृत्तपत्राची दुसरी गोष्ट सांगितली. रॉबर्ट गोडार्ड नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ होते. रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल, असे त्यांचे मत होते. १३ जानेवारी १९२० च्या अंकात या वृत्तपत्राने त्यांची थट्टा केली. जेथे हवा नाही तेथे रॉकेट चालणारच नाही, एवढी साधी गोष्ट या प्राध्यापकांना कळत नाही, अशा अर्थाचा मजकूर छापला. खरे तर गोडार्ड यांचेच बरोबर होते. १९२६ मध्ये त्यांनी द्रवरूप इंधनावर चालणारे पहिले रॉकेट उडवले. १६ जुलै १९६९ रोजी माणसांना घेऊन अपोलो-११ चंद्राकडे निघाले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १७ जुलैला, वृत्तपत्राने आपली चूक छापून खेद व्यक्त केला.

"मग गोडार्ड खूश झाले असतील!" मागून आवाज आला.

"गोडार्ड १९४५ मध्येच वारले होते," मी म्हणालो.

वर्गात पुन्हा शांतता पसरली. सायकलवाल्याची मुलगी म्हणाली, "सर, आपण आजच पत्र लिहू या."

आम्ही फळ्यावर पत्र लिहायला घेतले. वाक्ये मुले सांगत होती आणि मी लिहीत होतो. कोणी म्हणाले, संपादकांना खोटारडे म्हणा. त्या मुलीनेच 'नको' म्हटले. "त्यांनी मुद्दाम केले असे आपल्याला कोठे माहीत आहे?" ती म्हणाली. मी वर तारीख आणि वार लिहिला, तेव्हा ती चटकन म्हणाली, "सर, आज सोमवार आहे. तुम्ही मंगळवार लिहिले." मी वार खोडला, शेजारी 'सोमवार' लिहिले आणि तिचे आभार मानले. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

पत्र असे तयार झाले.

"माननीय संपादक यांस,
सादर नमस्कार.
विषय : बातमीच्या मथळ्यातील चुकीबाबत.

शुक्रवारी आपल्या संकेतस्थळावर 'चोरीच्या सायकली विकणाऱ्या दुकानदाराला पकडले' असा मथळा प्रसिद्ध झाला. तो चुकीचा आहे. पकडलेला माणूस माझ्या दुकानात सायकली विकायला आला होता. पोलिसांना मीच बोलावले. आपल्या बातमीच्या मजकुरातही असेच लिहिले आहे. मी पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत सोबत जोडली आहे. या मथळ्यामुळे माझी बदनामी होत आहे. कृपया मथळा दुरुस्त करावा आणि तो दुरुस्त केल्याचे त्याच बातमीत लिहावे, ही विनंती.

आपला विश्वासू,"

मुलीने पत्र वहीत उतरवून घरी नेले. अब्बांनी ते वाचले, खाली सही केली आणि त्याच संध्याकाळी पाठवून दिले.

मंगळवारी सकाळी मथळा बदललेला होता. 'ला' आणि 'ने' आपापल्या जागी आले होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण दुरुस्ती केल्याचा एक शब्दही बातमीत नव्हता. मुलीने घरी मथळा दाखवला, तेव्हा अब्बा म्हणाले, "आता जो वाचेल, त्याला खरे कळेल. पण ज्यांनी शुक्रवारी वाचले, त्यांना कोण सांगणार? उलट ते म्हणतील, की दुकानदाराने ओळख लावून बातमी बदलून घेतली."

बुधवारी अब्बा स्वतः त्या कार्यालयात गेले. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. संपादक पंचविशीतला तरुण होता. त्याने त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "चाचा, मथळा मीच दिला होता. जागा कमी होती, म्हणून शब्द तोडले. अर्थ बदलला, हे घाईत माझ्या लक्षात आले नाही. माफ करा." त्याने त्यांच्यासमोरच बातमीच्या वर ठळक अक्षरांत लिहिले, की शुक्रवारी दिलेला मथळा चुकीचा होता, या दुकानदारांनीच चोर पकडून दिला आणि झालेल्या चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

ही दुरुस्ती पालकांनी आणि शेजाऱ्यांनी गटागटांतून पाठवली. ज्या मुलांनी मैदानावर 'चोराची मुलगी' म्हटले होते, ती स्वतःहून तिच्याकडे गेली व त्यांनी तिची माफी मागितली. आठवड्यानंतर चोरीला गेलेल्या सायकलीचा मालक दुकानात येऊन आभार मानून गेला. दादी पुन्हा दारात बसू लागली. सायकल अर्धी दुरुस्त असताना घेऊन गेलेले गिऱ्हाईक मात्र परत आले नाही. त्याच्यापर्यंत चूक पोहोचली होती, दुरुस्ती पोहोचली नसावी.

गुरुवारी ती मुलगी पहिल्या बाकावर येऊन बसली. मी फळ्यावर पाठाचे नाव लिहिले आणि मागे वळून विचारले, "बरोबर आहे ना?"

तिने नीट वाचून पाहिले आणि मगच मान हलवली.

शब्दार्थ

मथळा – बातमीचे शीर्षक, सुर्खी
मजकूर – लिहिलेली माहिती
सांगाडा – वस्तूचा मूळ आकार देणारा भाग
अब्रू – इज्जत, मान
अग्रलेख – संपादकाचे मत मांडणारा लेख
तथ्य – खरेपणा
कातिब – सुंदर अक्षरात मजकूर लिहून देणारा
शुद्धिपत्र – चुका व त्यांच्या दुरुस्त्यांची यादी, गलतनामा
खेद – वाईट वाटणे, अफसोस
बदनामी – लोकांत वाईट नाव होणे
दिलगीर असणे – चुकीबद्दल वाईट वाटणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मुलीच्या अब्बांचे कसले दुकान होते?
(२) अब्बांना अनोळखी माणसाचा संशय का आला?
(३) 'द हिंदू' ने वाचक-संपादक कधी नेमला?
(४) 'न्यू यॉर्क टाइम्स' ने अंकाच्या क्रमांकातून किती कमी केले?

प्र. २. कारणे लिहा.
(१) दादी रविवारी घरातच बसून राहिली.
(२) 'लॉस एंजेलिस टाइम्स' चा प्रयोग बंद करावा लागला.
(३) मथळा बदलल्यानंतरही अब्बा कार्यालयात गेले.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) बातमीतील चूक वाचकाने स्वतः दुरुस्त करावी की संपादकाने? तुमचे मत लिहा.
(२) छापील पुस्तकातील दुरुस्ती आणि संकेतस्थळावरील दुरुस्ती यांत कोणता फरक आहे?

प्र. ४. व्याकरण.
(अ) कंसातील शब्दाला 'ने' किंवा 'ला' लावून वाक्ये पूर्ण करा.
(१) मांजराने (उंदीर) पकडले.
(२) (शिक्षक) मुलांना गोष्ट सांगितली.
(३) पोलिसांनी (चोर) चौकीत नेले.
(आ) वरील वाक्यांचे उर्दूत भाषांतर करा आणि 'ने' व 'को' कोठे येतात ते पाहा.

प्र. ५. उपक्रम.
आठवडाभर एखादे वृत्तपत्र वाचा. त्यात दुरुस्ती छापलेली आढळल्यास ती कापून वहीत चिकटवा. एखादी चूक आढळल्यास ती नीट तपासा आणि शिक्षकांच्या मदतीने संपादकांना पत्र लिहा.